जंकेट लागेपर्यंत

थर्झाला गुरुवारी इस्पितळातून घरी आणलं.
डॉक्टर म्हणाले, घशाखाली उतरेल ते द्या.
काय खाशील विचारलं तर
भिंतीकडं तोंड करून म्हणाली,
जंकेट.

पन्नास वर्षांत या घरात कुणी केलं नव्हतं.

लिहून ठेवावी अशी कृती नव्हतीच.
दूध ऊन करायचं. करंगळी बुडवायची,
आणि करंगळी कुठं संपली, दूध कुठं सुरू झालं
हे कळेनासं व्हावं, एवढंच ऊन.
चमचाभर साखर. चहाचा एक चमचा रेनेट.
दोनदा ढवळायचं, तिसऱ्यांदा नाही.
काचेच्या वाडग्यात ओतायचं आणि हात मागे घ्यायचा.
हेच खरं काम, आई म्हणायची,
हात मागे घ्यायचं.

मग फळीवर वाडगा, आणि अख्खं घर
तान्हं मूल निजल्यासारखं दबक्या पावलांचं.
वडीलसुद्धा दारात बूट काढून मोज्यांवर आत यायचे,
सहा फुटी माणूस, चौदा गाई एका हाकेत वळवणारा,
वाडगाभर दुधाला भिऊन.
आम्ही टेबलाखाली बसून कान द्यायचो:
दूध लागताना आवाज होतो का?
थर्झा म्हणायची, होतो.
मी अजून ठरवलेलं नाही.

अँब्रोज मात्र धावायचा.
कुत्र्यामागे, पोस्टमनमागे, कशाच्याच मागे नाही.
दार धाडकन आपटायचं, फळी हलायची,
आणि वाडग्यात उभी चीर,
चिरेत निवळीचं हिरवट पाणी.
"कोण धावलं?" आई विचारायची.
तिघेही आम्ही मांजराकडं बघायचो.

परवा पहिला प्रयत्न केला तो
खोक्यातल्या दुधावर, सहा महिने टिकणाऱ्या.
तासाभरानं वाडगा कलता केला: दूध.
दोन तासांनी: दूध.
जे नासत नाही ते लागतही नाही,
हे मला तरी कळायला हवं होतं,
चाळीस वर्षं धारा काढल्या मी.

गाई विकल्यापासून पहिल्यांदाच
किटली घेऊन चढ चढलो.
प्राउझबाई अजून दोन जर्सी पाळते, घरापुरत्या.
पैशाचं बोललीच नाही.
"थर्झासाठी ना? मग वरची साय काढू नकोस, सायलस."
उतारावर किटली गरम होती,
कोटाच्या आत धरून आणली, कुणी बघत नव्हतं तरी
लाजत.

त्याच फळीवर ठेवलं.
घर गप्प बसलं. त्याला आता सांगावं लागत नाही.
अँब्रोज चर्चमागे, समुद्राच्या बाजूला,
स्लेटच्या पाटीखाली;
दार कोण आपटणार?
तरीही मी बूट काढले.
खुर्चीत बसलो, हात मांडीवर,
आणि वाटलं, एवढ्या शांततेत
काहीही लागेल, पाणीसुद्धा.

लागलं.
बोटानं कडेला हलकं दाबलं तर
कातडीसारखं परत वर आलं.
जायफळ किसलं. ताट उचललं.
आठव्या पायरीवर गुडघा बोलला,
कोपर भिंतीला लागलं.
सांडलं काही नाही.

थर्झाला उशीला टेकवून बसवलं.
तिनं वाडग्यात पाहिलं, बराच वेळ.
मधोमध, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, चीर.
"कोण धावलं?"

मी वळून मांजर शोधलं.
मांजर नाही आमच्याकडं, कितीतरी वर्षं.

तीन चमचे खाल्ले तिनं.
चिरेतली निवळी वाडगा तिरका करून मागितली,
तीही प्यायली, हनुवटीवरून ओघळू देत.
चौथा चमचा माझ्याकडं वळवला.
जायफळ जरा जास्त झालं होतं.
ती म्हणाली नाही, पण झालं होतं.